घडी हा दोष नव्हे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या ब्रिटिश सिनेमा-पोस्टरांच्या संग्रहाविषयी लेख आला होता. जेम्स बाँडच्या पोस्टरांवर त्यात विशेष भर होता. लेख मन लावून लिहिलेला, फोटोही उत्तम. पण शेवटी नवशिक्यांसाठी जी चौकट दिली आहे, तिच्यातलं एक वाक्य वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. ‘घडीच्या रेघा नसलेलं, करकरीत पोस्टरच निवडावं,’ असं ते वाक्य. हा सल्ला प्रमाण मानून कुणी साठच्या दशकातलं बाँडचं पोस्टर शोधायला निघालं, तर अस्सल कागद बाजूला सारून नकली कागद पैसे मोजून घरी आणण्याची पाळी येईल. हे मी ऐकीव सांगत नाही. असा एक नकली कागद माझ्या माळ्यावर आहे.

मी १९७२ साली इंग्लंडात आलो आणि पुढची पस्तीस-छत्तीस वर्षं यॉर्कशायरमधल्या एका ऑफसेट छापखान्यात मशीनवर काढली. सिनेमाची पोस्टरं आमच्याकडे छापली जात नसत. आमच्याकडे बिस्किटांची वेष्टनं, बियाणांची पाकिटं, आणि निवडणूक आली की सगळ्या पक्षांची पत्रकं, एकाच मशीनवर, एकामागून एक. पोस्टरांचं मोठं काम आमच्याच ब्रॅडफर्डमध्ये डब्ल्यू. ई. बेरी यांच्याकडे होई. नॉटिंगहॅमला स्टॅफर्ड होते, तिथेच लॉन्सडेल अँड बार्थोलोम्यू. ही नावं सिनेमावाल्यांना ठाऊक नसतात, पण पोस्टराच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत असतात. माझी नजर आधी तिथे जाते. शॉन कॉनरीकडे नंतर.

ब्रिटिश थिएटरांच्या नेहमीच्या पोस्टराला इथे ‘क्वाड’ म्हणतात. मापाने ३० बाय ४० इंच आणि आडवं. अमेरिकन पोस्टर उभं असतं, त्यामुळे एकच चित्र दोन्हीकडे वापरायचं तर इथल्या माणसांना ते पसरून, सरकवून पुन्हा मांडावं लागे. कागद पातळ आणि स्वस्त. तो जपून ठेवायला नव्हताच. आठवडाभर थिएटरच्या दर्शनी पेटीत टाचायचा किंवा बाहेरच्या फळीवर खळ लावून चिकटवायचा आणि सिनेमा उतरला की फाडून टाकायचा. छापून झाल्यावर त्याची घडी होई. पोस्टरं आणि ट्रेलर थिएटरांना पुरवण्याचं काम नॅशनल स्क्रीन सर्व्हिसकडे असे, आणि गठ्ठे रवाना व्हायचे ते घड्या घातलेलेच. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत हाच शिरस्ता होता. पुढे पोस्टरं नळकांड्यांत गुंडाळून जाऊ लागली. म्हणून १९८७ च्या ‘द लिव्हिंग डेलाइट्स’चं बिनघडीचं पोस्टर दिसलं तर मला काही वाटत नाही. १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’चं दिसलं तर मी खिशातलं पाकीट आणखी आत ढकलतो.

अपवाद असतात. छापखान्यातून किंवा जाहिरात कंपनीच्या कपाटातून घडी न पडलेली एखादी प्रत निघते. पण मग विकणाऱ्याने ती कुणाच्या कपाटातून आली हे सांगायला हवं. ‘आमच्या आजोबांनी गुंडाळून ठेवली होती’ एवढ्यावर मी विश्वास ठेवत नाही. आजोबांना १९६४ साली घडी मोडायची बुद्धी का व्हावी?

आता माझ्या संग्रहातलं सगळ्यात जुनं खरेदीचं पोस्टर सांगतो. १९७८ ची गोष्ट. आमच्याकडच्या एका लहान थिएटरचं बिंगो हॉल, म्हणजे पैसे लावून हाउजी खेळायची जागा, होणार होतं. १९६० च्या जुगारविषयक कायद्यानंतर या देशातल्या कितीतरी थिएटरांचं हेच झालं. तिथल्या प्रोजेक्शनवाल्या म्हाताऱ्याशी माझी पबमधली ओळख. त्याने फिल्मच्या रिकाम्या डब्यांखालून एक सुतळीने बांधलेला गठ्ठा काढला आणि तीन पौंड मागितले. अकरा पोस्टरं निघाली. सहा-सात तर कुणी आठवणसुद्धा काढणार नाही अशा विनोदपटांची. एक भुताखेताचं. आणि तळाशी १९६५ चं ‘थंडरबॉल’.

हे पोस्टर मी आजही वर्षातून एकदा टेबलावर उघडतो. उघडण्याआधी पाठ दिसते. घडीच्या वरच्या चौकोनावर निळ्या पेन्सिलीने सिनेमाचं नाव लिहिलेलं आहे, घाईत, शेवटची दोन अक्षरं एकमेकांवर चढलेली. गठ्ठ्यातून पोस्टर न उलगडता हाती लागावं म्हणून थिएटरवाले असं लिहीत. हा बाहेरचा चौकोन बाकीच्यांपेक्षा चहाच्या डागाइतका काळपट आहे, कारण धूळ आणि हवा तेवढ्यालाच लागली. आतले चौकोन तेरा वर्षं अंधारात होते, म्हणून पुढच्या बाजूचा निळा रंग अजून ओला वाटतो. चारही कोपऱ्यांत टाचणीची भोकं आहेत. उजव्या वरच्या कोपऱ्यात तीन. म्हणजे हे पोस्टर एकाहून जास्त वेळा लावलं गेलं. सिनेमा लांबला असेल, नाहीतर पुन्हा आला असेल. एका भोकाभोवती गंजाचं कडं आहे. आणि जिथे आडवी घडी उभ्या घडीला छेदते तिथे शाई तडकून कागदाचा पांढरा गर वर आला आहे. मधल्या एका छेदात तर मोहरीएवढं भोक आहे. पोस्टर खिडकीसमोर धरलं की त्या भोकातून पलीकडचं झाड दिसतं.

आपल्या लेखातल्या चौकटीच्या हिशेबाने हे पोस्टर बाद. माझ्या हिशेबाने त्या भोकातच त्याचा जन्मदाखला आहे.

‘थंडरबॉल’ची चित्रं रॉबर्ट मॅकगिनिस आणि फ्रँक मॅककार्थी या दोघांची. माणसं आणि विशेषतः बायका मॅकगिनिसच्या, पाण्याखालची धुमश्चक्री मॅककार्थीची. भिंगाखाली दोघांचे हात वेगळे कळतात असं मी एकदा म्हणालो, तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, ‘बायका भिंगातून बघायला तुम्हाला कारणच हवं होतं.’ असो. या कलाकारांची नावं पोस्टरावर सहसा नसत. निर्मात्याचं नाव मोठं, पोशाख करणाऱ्याचंही कधी कधी असे. ज्याच्या चित्राकडे बघून माणूस तिकिटाच्या रांगेत उभा राही, तो चित्रकार बेनाम. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’चं १९६३ चं ब्रिटिश क्वाड रेनातो फ्रातिनी या लंडनमध्ये काम करणाऱ्या इटालियन चित्रकाराने रंगवलं, मांडणी एरिक पल्फर्ड यांची. हे सगळं अभ्यासकांनी पुष्कळ नंतर खणून काढलं. लेखात या दोघांचा उल्लेख नाही आणि लिलावाच्या रकमा मात्र चार ठिकाणी आहेत.

त्याच चित्रपटाच्या प्रसिद्धीतली एक गंमत वाचकांना आवडेल. डेव्हिड हर्न या फोटोग्राफरकडे कॉनरीचे फोटो काढायचं काम होतं. ऐन वेळी लक्षात आलं की बाँडचं नेहमीचं पिस्तूल कुणी आणलंच नाही. हर्नकडे स्वतःची छर्ऱ्यांची वॉल्थर होती, नेमबाजीची, लांब नळीची. तीच कॉनरीच्या हातात दिली. मागाहून नळी आखूड करून घेऊ असा विचार होता म्हणतात. ती सगळीकडे आखूड झाली नाही, आणि जगातला सगळ्यात धोकादायक गुप्तहेर कितीतरी पोस्टरांवर छर्ऱ्यांची बंदूक छातीशी धरून उभा राहिला. ती बंदूक २०१० साली क्रिस्टीजच्या लिलावात २,७७,२५० पौंडांना गेली. खऱ्या पिस्तुलाला एवढी किंमत आली असती की नाही, कोण जाणे.

माझ्या फजितीकडे वळतो.

१९९६ साली एका जत्रेवजा संग्राहक-बाजारात मला ‘गोल्डफिंगर’चं क्वाड दिसलं. या सिनेमाच्या जाहिरातीची मांडणी रॉबर्ट ब्राउनजॉनची. मार्गारेट नोलन या नटीला सोनेरी रंगवून तिच्या अंगावर सिनेमातली दृश्यं प्रोजेक्टरने पाडायची आणि त्याचे फोटो काढायचे, ही त्याची कल्पना. चित्र न काढता फोटोवर उभं केलेलं हे पोस्टर मला छापखानेवाला म्हणून फार आवडतं, कारण फोटोतली सोनेरी कातडी चार शायांत उतरवणं सोपं नाही. पिवळा जरा चढला तर कावीळ झाल्यासारखी दिसते, लाल चढला तर भाजल्यासारखी.

तर ते पोस्टर काचेच्या चौकटीत होतं, भोवती रुंद काळं माउंट, म्हणजे कडा झाकणारी पुठ्ठ्याची पट्टी, आणि किंमत १८० पौंड. दोन आठवड्यांचा ओव्हरटाइम. रेघा दिसत होत्या, अगदी जिथे असायला हव्या तिथे. मी चौकट उघडून दाखवा म्हणालो. विकणारा म्हणाला, मागची सीलबंद पट्टी काढली तर काचेत धूळ जाईल. मला ते पटलं. का पटलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. बहुधा मला ते पटायला हवं होतं.

घरी येऊन पट्टी काढली. पाठ दुधासारखी पांढरी आणि मांजरीच्या पोटासारखी मऊ. एकही वळ नाही. पुढे पाहावं तर घडीच्या रेघा आहेत. बोट फिरवलं, लागेना. रेघ डोळ्यांना दिसते आणि बोटाला लागत नाही, याचा अर्थ कळायला मला, मशीनवर चोवीस वर्षं काढलेल्या माणसाला, चांगली दोन मिनिटं लागली. कुणीतरी घडी पडलेल्या अस्सल प्रतीचा फोटो काढून तो छापला होता. घड्यासुद्धा छापलेल्या! मग भिंग घेतलं. छापील चित्राचा फोटो पुन्हा छापला की जुन्या ठिपक्यांवर नवे ठिपके बसतात आणि गालावर, कपाळावर वाळूत लाटांनी काढावी तशी नक्षी उमटते. ती होती. त्याहून पक्की खूण बारीक अक्षरांची. मूळ पोस्टरात ती अक्षरं एकाच काळ्या शाईत, भरीव, धारदार असतात. माझ्या पोस्टरात त्याच अक्षरांच्या कडा चार रंगांच्या ठिपक्यांत फुटल्या होत्या. छापखान्याचं नाव असायला हवं ती कड माउंटखाली दडवलेली, आणि काढून पाहिली तर नाव निम्मं कापलेलं. माप घेतलं तर सगळीकडून इंच-दीड इंच कमी.

विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही. पुढच्या महिन्यात तो त्या बाजारात नव्हता. पोस्टर मी फेकलं नाही. नवीन कुणी या छंदाबद्दल विचारायला घरी आलं की आधी तेच दाखवतो, चौकटीत घालून, आणि खरं का खोटं विचारतो. बहुतेक जण ‘खरं’ म्हणतात. मला जरा बरं वाटतं.

आणखी एक चूक माझ्या पदरात आहे आणि तीही घडीपायीच. माझ्याकडे १९६९ च्या ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’चं क्वाड होतं. जॉर्ज लेझनबीचा एकुलता एक बाँडपट, बर्फ, स्कीइंग, आणि तेव्हा कुणी फारसं विचारत नव्हतं म्हणून मला स्वस्तात मिळालेलं. घड्यांच्या रेघा जरा ठळक होत्या. १९८९ साली एका फ्रेमवाल्याकडे नेलं. तो म्हणाला, ‘उद्या या, इस्त्री केल्यासारखं करून देतो.’ केलंही तसंच. गरम दाबयंत्रात पुठ्ठ्यावर कायमचं चिकटवून दिलं. रेघा गेल्या, मी खूश होऊन घरी आलो. आज तो पुठ्ठा आम्लामुळे तपकिरी झाला आहे आणि तपकिरी रंग कागदात चढतो आहे. कागद सोडवता येत नाही, कारण तो गोंद पाण्यात सुटत नाही. मी दोन कागद-संवर्धकांना दाखवलं. एकीने नुसती मान हलवली. दुसऱ्याने विचारलं, ‘कुणाला सुचलं हे?’ मी म्हणालो, फ्रेमवाल्याला. खरं तर मलाच सुचलं होतं. रेघा घालवा, असं मीच सांगितलं होतं.

दुरुस्तीच करायची तर पद्धत वेगळी आहे. पोस्टर धुऊन, पाठीला पातळ जपानी कागद लावून ते ताणलेल्या कापडावर चढवतात आणि त्यासाठी गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात. ही खळ पन्नास वर्षांनीसुद्धा पाण्याने सुटते, म्हणजे आज केलेलं उद्या कुणाला मोडता येतं. इथले लोक याला लिनन-बॅकिंग म्हणतात. भोकं बुजवतात, तडकलेल्या जागी रंग भरतात. मी याच्या विरोधात नाही, कागद तुकडे पडायच्या बेतात असेल तर जरूर करावं. पण धडधाकट पोस्टराच्या घड्या रंगवून नाहीशा करून देणारे आहेत आणि मागणारेही आहेत. त्या पोस्टराकडे पाहिलं की मला केस काळे केलेल्या आमच्या जुन्या फोरमनची आठवण येते. फोरमन कामाला चोख होता, पण सगळ्यांची नजर केसांवर.

लेखातली दुसरी चूक लहान आहे, पण आपल्या वाचकांची नक्की फसगत करणारी. १९६२ च्या ‘डॉक्टर नो’च्या फोटोखाली ‘पोस्टरवर ए अक्षर असून चित्रपट केवळ प्रौढांसाठी होता’ असं म्हटलं आहे. भारतात ‘ए’ म्हणजे प्रौढ. ब्रिटनमध्ये तसं नव्हतं. इथे १९७० पर्यंत ‘ए’चा अर्थ असा, की सोळा वर्षांखालच्या मुलाबरोबर मोठं माणूस हवं. १९७० नंतर तर ‘ए’ म्हणजे पालकांना नुसती सूचना उरली. खऱ्या प्रौढांच्या सिनेमाला ‘एक्स’ मिळे. ‘डॉक्टर नो’पासून १९८१ च्या ‘फॉर युअर आइज ओन्ली’पर्यंत मालिकेतल्या बाराही चित्रपटांना ‘ए’च होतं. इथली पोरं बापाचा हात धरून, किंवा थिएटरबाहेर भेटेल त्या अनोळखी काकांना ‘आम्हाला आत न्याल का’ विचारून बाँड बघत. माझ्या बरोबरीचे इथले सगळे सहकारी असेच शिरलेले होते.

हे अक्षर वय ओळखायलाही उपयोगी पडतं. १९८२ च्या अखेरीस इथली सेन्सॉरची प्रमाणपत्रं बदलली आणि ‘ए’च्या जागी ‘पीजी’, म्हणजे ‘पालकांच्या सल्ल्याने’, आलं. तेव्हा ‘गोल्डफिंगर’च्या पोस्टरावर ‘पीजी’ दिसलं तर ते १९६४ चं नाही हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. ‘पीजी’ घेऊन जन्मलेला पहिला बाँड म्हणजे १९८३ चा ‘ऑक्टोपसी’, उदयपूरवाला. त्याच्या पोस्टरावर बाँडच्या पाठीमागून एका बाईचे अनेक हात येतात. घरी येणाऱ्या मराठी पाहुण्यांपैकी निम्मे त्या चित्रासमोर जरा अवघडून उभे राहतात. सौंनी ते दिवाणखान्यात लावू दिलं नाही. जिन्यात आहे.

पुनःप्रदर्शनाच्या पोस्टरांबद्दल लेखात एकच ओळ आहे, तीही ‘दुय्यम’ असा शेरा मारणारी. मला ती सगळ्यात जवळची वाटतात. आज कुणाला खरं वाटणार नाही, पण ब्रिटिश टीव्हीवर पहिला बाँडपट दिसला तो २८ ऑक्टोबर १९७५ रोजी, आयटीव्हीवर, ‘डॉक्टर नो’. म्हणजे तेरा वर्षं हा सिनेमा पुन्हा पाहायचा तर थिएटरच गाठावं लागे. म्हणून थिएटरवाले जुने बाँडपट दोन-दोन जोडून पुन्हा लावत. एका तिकिटात ‘डॉक्टर नो’ आणि ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’. माझ्या तीन पौंडांच्या गठ्ठ्यात त्या जोडीचं क्वाड होतं. पहिल्या प्रदर्शनाच्या पोस्टराला जो भाव येतो त्याच्या पासंगालाही ते पुरणार नाही. पण माणसं एका बाकड्यावर चार तास बसून, पावसातून घरी गेली असतील ती हे पोस्टर बघून. ज्यांना कमी पैशांत सुरुवात करायची आहे त्यांनी इथून करावी. नकली छापणारेही या पोस्टरांच्या वाटेला फारसे जात नाहीत, कारण त्यांना त्यात सुटत काही नाही.

टांगण्याबद्दल एवढंच, की उन्हात लाल आणि पिवळा आधी उडतात, निळा आणि काळा चिवट. माझं ‘मूनरेकर’ सहा वर्षं दक्षिणेच्या खिडकीसमोर होतं. रॉजर मूर हळूहळू बुडून मेलेल्या माणसासारखा निळा पडला आणि रोज बघत असल्यामुळे ते आमच्या कुणाच्या लक्षातही आलं नाही. चौकटीच्या पट्टीखाली झाकली गेलेली अर्धा इंच कड काढून पाहिली तेव्हा मूळ रंग दिसला आणि पोटात खड्डा पडला.

गुंतवणुकीबद्दल मला विचारू नये. लंडनला साउथ केन्सिंग्टनमध्ये क्रिस्टीजचं दालन होतं, तिथे पोस्टरांचे लिलाव होत. २०१७ साली ते बंद झालं. मी तिथे बोलीला नव्हे, आदल्या दिवसांच्या पाहणीला जात असे. कुणालाही जाता येई, तिकीट नाही. चौकटीत नसलेलं पोस्टर मागितलं तर समोर उलगडून ठेवत. मी आधी पाठ बघायचो. एकदा शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी विचारलं, पाठीवर काय आहे? मी म्हणालो, बघा ना, इथे कुणीतरी पेन्सिलीने सोमवार ते शनिवारचे खेळ लिहिलेत, आणि गुरुवारवर काट मारलीय. त्यांनी भिंग मागितलं. मग गुरुवारी काय झालं असेल यावर आम्ही बराच वेळ बोलत बसलो. ते डीलर होते हे नंतर कळलं. बोलीत त्यांनी ते पोस्टर घेतलं आणि माझा हात वर जाईपर्यंत आकडा माझ्या पगाराच्या पलीकडे गेला होता.

तेव्हा विनंती अशी, की ‘घडी नसलेलं पोस्टर निवडावं’ आणि ‘ए म्हणजे प्रौढांसाठी’ ही दोन वाक्यं पुढच्या रविवारी त्याच चौकटीत दुरुस्त करून छापावीत. जागा थोडी असेल तर ‘ए’चं राहू द्या, घडीचं तेवढं छापा. सोबत चित्र हवं असेल तर ‘थंडरबॉल’च्या पाठीचा फोटो पाठवतो. निळ्या पेन्सिलीची अक्षरं आणि ते मोहरीएवढं भोक स्पष्ट येईल असा काढला आहे. पुढच्या बाजूचा फोटो तुमच्याकडे असेलच.

कळावे,
आपला,
एक निवृत्त छापखानेवाला
ब्रॅडफर्ड, इंग्लंड